भाकरीचा आवाज

नांदेडच्या आमच्या वसतिगृहाच्या खोलीत पहिला शॉट लावला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. भिंतीवर एकच ट्यूबलाइट, खाली लोखंडी पलंग, पलंगावर पुस्तक उघडून बसलेला मित्र. मोबाइल ट्रायपॉडला बांधला आणि स्क्रीनवर पाहिलं, तर मित्राच्या अंगावरून काळसर पट्टे सरकत होते. वरून खाली, संथपणे, अंगावरून कुणी सावल्यांची शाल ओढत न्यावी तसे. मान वळवून खोलीत पाहिलं तर पट्टे नाहीत. पुन्हा स्क्रीनवर पाहिलं तर आहेत. मोबाइल बिघडला म्हणून दुसऱ्याचा लावला. त्यातही तेच.

शेवटी शेजारच्या खोलीतल्या एका सीनियर दादाला हाक मारली. त्यानं उंबऱ्यातूनच सांगितलं, "शटर पन्नासवर ने." नेलं. पट्टे गेले.

दादा झोपायला गेला, पण माझी झोप गेली. मोबाइलला दिसणारी गोष्ट माझ्या डोळ्यांना का दिसत नव्हती?

उत्तर शोधलं तेव्हा कळलं, की आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. प्रत्येक आवर्तनात ती दोनदा जोरावर येते आणि दोनदा शून्याला टेकते. त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. आपल्या नजरेला एवढी घाई पेलत नाही. ती सगळे ठोके एकमेकांत मिसळून टाकते आणि आपल्याला सलग उजेड दिसतो. मोबाइलचा सेन्सर मात्र चित्र ओळीओळीनं टिपतो. प्रत्येक ओळ सेकंदाचा साठावा भाग उघडी राहिली, तर एका ओळीच्या वाट्याला उजेड जास्त येतो, दुसरीच्या वाट्याला कमी. तेच ते पट्टे. ओळ सेकंदाचा पन्नासावा भाग उघडी ठेवली, की प्रत्येकीला बरोबर दोन ठोके मिळतात. वाटणी सारखी झाली, की भांडण मिटतं.

म्हणजे ज्या उजेडात आम्ही दोन वर्षं अभ्यास केला, जेवलो, भांडलो, तो उजेड सगळा वेळ थरथरत होता. आमच्या मेंदूनं तो आम्हाला स्थिर करून दाखवला होता. विद्यार्थिदशेत केलेल्या शॉर्टफिल्मनी मला काय शिकवलं, याचा विचार करताना मला कॅमेऱ्याची बटणं आठवत नाहीत, ही थरथर आठवते. आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक न थकणारा संपादक बसलेला आहे, तो जग कापून, जोडून, घासूनपुसून आपल्यापुढे ठेवतो. फिल्म करायला शिकणं म्हणजे त्या संपादकाला पहिल्यांदा रंगेहाथ पकडणं.

मे महिन्यातली दुपार

आमच्या भागात फिल्म शिकणं तसं अलीकडचं. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला सुरू झालं ते १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी. मुक्तिसंग्रामाच्या सेनानीचंच नाव त्याला मिळालं आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याला जोडली गेली. पुण्या-मुंबईचे स्टुडिओ आमच्यापासून रात्रभराच्या प्रवासावर. त्यामुळे वर्ग, गच्ची, रसवंती, एसटी स्टँड हेच आमचे सेट, आणि सगळ्यात मोठा लाइट म्हणजे सूर्य.

त्या सूर्यानं दुसरा धडा दिला. प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आलेली, मे महिना, गोदावरीच्या घाटावर भर दुपारी शूट. शॉट पाहिला तर नटाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. समोर उभं राहून पाहावं तर त्याचे डोळे स्वच्छ दिसत होते.

कारण आकाशात होतं. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडच्या गावांत सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. नांदेड साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, लातूर त्याच्या किंचित खाली. म्हणून आमच्याकडे हे दिवस येतात एकदा मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला. जुलैत बहुधा ढग असतात. मेमध्ये भर दुपारी उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच विरघळते. तसाच उजेड माणसावर पडला, की कपाळ आणि नाक चमकतं आणि भुवईची सावली थेट डोळ्यात उतरते. आपली नजर उजेडातून सावलीत गेली की त्या त्या जागेशी लगेच जुळवून घेते, आणि मेंदू ते सगळे तुकडे एका चेहऱ्यात शिवून टाकतो. कॅमेऱ्याला एका क्षणी एकच तडजोड करता येते.

उपाय अगदी साधा निघाला. गणपतीच्या मखरातून उरलेली थर्माकोलची शीट एकानं नटाच्या छातीखाली, फ्रेमच्या बाहेर आडवी धरली. जमिनीकडे वाया जाणारा उजेड उलटून चेहऱ्यावर आला, आणि दोन्ही बुबुळांत एकेक पांढरा ठिपका उमटला. त्या ठिपक्यासरशी तो माणूस जिवंत झाला. तेव्हापासून कुणाचाही फोटो पाहताना मी आधी बुबुळातला ठिपका शोधतो. उजेड कुठून आला होता, खिडकीतून की दिव्यातून, हे त्या ठिपक्यात लिहिलेलं असतं.

उजेड कळला, की अंधारही कळतो. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट १९६० साली प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात सुरू झाली. २०२४ मध्ये तिथल्या चिदानंद नाईक या विद्यार्थ्याच्या फिल्मला कान महोत्सवाच्या 'ला सिनेफ' या विद्यार्थी विभागात पहिलं पारितोषिक मिळालं. नाईक मुळात वैद्यकीय डॉक्टर, आणि फिल्म होती टेलिव्हिजनच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाच्या शेवटी करायच्या प्रोजेक्टची. कन्नड लोककथेतली एक म्हातारी गावातला कोंबडा चोरते, आणि त्या गावात सूर्यच उगवत नाही. जेमतेम १६ मिनिटांची गोष्ट. सूर्याला गैरहजर ठेवण्यासाठीही उजेडाची पुरती जाण लागते, हे ज्यानं थर्माकोल धरून हात दुखवून घेतलेत त्याला लगेच पटतं.

पंख्याचा आवाज

आवाजाच्या बाबतीत तर डोक्यातला संपादक आणखी कडक. वर्गात चाळीस जण बोलत असले तरी आपल्याला समोरच्याचंच ऐकू येतं. डोक्यावर पंखा घरघरत असतो, बाहेर बोअरची मोटर चालू असते, रस्त्यावर ऑटो असतात, आणि आपण म्हणतो, "इथं शांत आहे, इथंच शूट करू." रात्री फुटेज ऐकलं की कळतं, शांत काही नव्हतंच. माइकला निवड करता येत नाही, त्याला सगळे आवाज सारखेच प्रिय.

म्हणून मे महिन्यातही शॉटआधी पहिला हुकूम सुटायचा, "पंखा बंद!" आणि सगळे जण घाम पुशीत गप्प उभे. मग आणखी एक विचित्र काम. शूट संपलं, की कुणीही जागचं हलायचं नाही आणि रिकाम्या खोलीचा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचा. त्याला रूम टोन म्हणतात. पहिल्यांदा वाटलं, शांतता कशाला रेकॉर्ड करायची? एडिटला बसल्यावर कळलं. दोन संवादांच्या मधली खोकल्याची उबळ कापून काढली, तर तिथं आवाजाचं भोक पडतं आणि ऐकणारा दचकतो. ते भोक त्याच खोलीच्या शांततेनं बुजवावं लागतं. वर्गाची शांतता वेगळी, देवळाची वेगळी, शेतातल्या कोठ्याची वेगळी. एकीचं ठिगळ दुसरीला लावलं, की लगेच दिसतं.

आणि क्लॅप! पाटीवर फटकन आपटलेली ती लाकडी पट्टी मला इतके दिवस शूटिंगची शोभा वाटायची. आमच्याकडे पाटी नव्हती, आम्ही टाळी वाजवायचो. चित्र एका यंत्रात, आवाज दुसऱ्या यंत्रात. दोघांची गाठ घालायला दोघांना समजेल असा एक क्षण लागतो. तळहात भिडले ती फ्रेम शोधायची, आवाजाच्या आलेखातलं टोक शोधायचं आणि एकाखाली एक ठेवायचं. झाली गाठ.

इथंही एक नवल आहे. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर एक फ्रेम टिकते सेकंदाचा पंचविसावा भाग. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जेमतेम १४ मीटर जातो. म्हणजे बोलणारा माणूस कॅमेऱ्यापासून ४५ फुटांवर असेल आणि आवाज कॅमेऱ्याच्याच माइकमध्ये घेतला, तर ओठ आणि शब्द यांच्यात एका फ्रेमचं अंतर पडलंच. शेतात दूरवर कुणी कुऱ्हाड मारताना दिसतं आणि ठोका मागाहून ऐकू येतो, तोच हा खेळ. लहानपणी बांधावर बसून पाहिलेला, टाइमलाइनवर पुन्हा भेटलेला.

गोलाईतली अदृश्य रेघ

दुसऱ्या फिल्मसाठी आम्ही लातूरला गेलो. गंजगोलाई ज्यानं पाहिली त्याला सांगायला नको. मधोमध गोल इमारत आणि तिला चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते, सोन्या-चांदीपासून मिरची-गुळापर्यंतचा बाजार. आमच्या गोष्टीतला मुलगा बापाला शोधत या गोलाईत फिरतो. आम्ही दिवसभर हौसेनं सगळ्या बाजूंनी शॉट घेतले. जोडले तेव्हा मुलगा एका शॉटमध्ये उजवीकडे धावतोय, पुढच्यात डावीकडे. पाहणाऱ्याला वाटावं, याला बाप सापडला आणि हा घरी परत निघाला.

त्या संध्याकाळी १८० अंशांचा नियम आमच्या अंगात भिनला. दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्यामध्ये, आणि एक माणूस चालत असेल तर त्याच्या वाटेवर, एक रेघ मनात आखायची. कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. रेघ ओलांडली, की समोरासमोर बोलणारी माणसं एकाच दिशेला पाहताना दिसतात. प्रेक्षक खुर्चीत बसलेला असला तरी मनानं तो त्या जागी जाऊन उभा असतो, आणि त्याला न सांगता आपण पलीकडे उडी मारली की त्याची दिशा चुकते. गोलाईत तर वाटच वळत राहते. दुसऱ्या दिवशी आम्ही एक युक्ती केली. दिशा बदलायच्या आधी मुलगा सरळ कॅमेऱ्याकडे धावत येतो, असा एक शॉट घेतला. तेवढ्या एका शॉटच्या पुलावरून प्रेक्षक रेघेपलीकडे जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

लातूर म्हटलं की माझ्या पिढीला २०१६ चा उन्हाळाही आठवतो. १२ एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' रेल्वे लातुरात आली, दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या दिवसांत बातम्यांचे सगळे कॅमेरे रेल्वेकडे रोखलेले होते. फिल्म शिकणाऱ्याला तिथं दुसरा प्रश्न पडतो. पाण्याची वाट पाहणाऱ्या बाईचा नुसता चेहरा दाखवला, काही हावभाव नसलेला, आणि त्याला रेल्वेचा शॉट जोडला, तर पाहणारा म्हणेल, चेहऱ्यावर आशा आहे. तोच चेहरा रिकाम्या घागरींच्या रांगेला जोडला, तर म्हणेल, थकवा आहे. अंगणात खेळणाऱ्या लेकराला जोडला, तर म्हणेल, माया आहे. चेहरा तोच.

सुमारे शंभर वर्षांपूर्वी मॉस्कोत लेव्ह कुलेशोव्ह यानं नेमका हाच प्रयोग केला, असं जगभरच्या फिल्मशाळांत सांगतात. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा त्यानं सुपाची थाळी, शवपेटीतली मुलगी आणि एक सुंदर स्त्री यांना जोडला, आणि लोकांनी नटाच्या अभिनयाची वाहवा केली. आम्ही वर्गात करून पाहिला. एका मित्राचा चेहरा, मग जिलेबीचं ताट, मग निकालाचा कागद, मग रिकामा पलंग. माहीत असूनही फसलो. भाव पडद्यावर नव्हताच. दोन शॉटच्या फटीत आम्हीच तो पेरत होतो.

एक दाणा, एक महिना

पेरण्यावरून दादासाहेब फाळके आठवतात. १९१२ मध्ये त्यांनी लंडनमध्ये कॅमेरा विकत घेतला. सिनेमा काढायला पैसे हवे होते आणि सिनेमा म्हणजे काय, हेच लोकांना समजावायचं होतं. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर ते रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर मिनिटभरात दाण्यातून अंकुर फुटला, रोप वर आलं. 'अंकुराची वाढ' हे त्या चित्रपटाचं नाव. तो पाहून भांडवल देणारा पुढे आला आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागला. मला 'अंकुराची वाढ' हा मराठी माणसाचा पहिला विद्यार्थी-प्रोजेक्ट वाटतो. चाळिशी ओलांडलेला विद्यार्थी, हाताशी एक कुंडी, आणि जे रोज डोळ्यांसमोर घडत असूनही कुणाला दिसत नव्हतं ते दाखवण्याचा ध्यास.

छोट्या फिल्ममधून मोठं झाड कसं उगवतं, हे आमच्या पिढीनं नागराज मंजुळे यांच्याकडे पाहून ओळखलं. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा हा माणूस अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकला. 'पिस्तुल्या' ही त्यांची पंधरा-एक मिनिटांची शॉर्टफिल्म, शाळेची ओढ लागलेल्या एका वंचित पोराची गोष्ट. ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिला पदार्पणातल्या लघुपटाचा पुरस्कार मिळाला. त्यातला सूरज पवार पुढे मंजुळेंच्याच 'फँड्री'त दिसला आणि 'सैराट'मध्येही. 'फँड्री'तला जब्या करणारा सोमनाथ अवघडे गावात हलगी वाजवताना त्यांना सापडला. आणि 'सैराट'चा शेवट आठवा. गाण्यांनी दणाणलेला तो सिनेमा शेवटी आवाजच काढून घेतो, आणि लाल पावलं उमटवत जाणारं लेकरू तेवढं उरतं. शांतताही रेकॉर्ड करायची वस्तू आहे हे ज्याला माहीत आहे, त्यालाच ती अशी खर्च करता येते.

काटवटीपाशी

आमच्या शेवटच्या फिल्ममध्ये एक आजी होती. कंधार तालुक्यातल्या गावात, मित्राच्याच वाड्यात शूट. आजींनी नातवाला एवढंच विचारायचं होतं, की तू परत कधी येणार. आम्ही त्यांना पुस्तकी वाक्य लिहून दिलेलं. त्या भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून, शाळेत कविता म्हणावी तशा म्हणायच्या. सहा टेक झाले. आजी दमल्या.

मग कुणाला तरी सुचलं, हातांना काम देऊ. चूल पेटवली, काटवट पुढे ठेवली, ज्वारीचं पीठ आणि आधणाचं पाणी दिलं. आजींनी तळहाताच्या टाचेनं पीठ मळायला घेतलं आणि त्यांचा अख्खा देह बदलला. खांदे सैल झाले. गोळा हातावर फिरला, काटवटीत उतरला, थप थप थप करत पसरत गेला. वाक्य आम्ही विसरा म्हणून सांगितलं. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, आणि तव्याकडेच बघत त्या म्हणाल्या, "आता कधी येऊ लालास रे?" मान वर केली नाही. माइकची काठी, बूम, धरलेल्या पोराचा हात थरथरला, तो आवाजात आला, आणि आम्ही तो शॉट तसाच ठेवला.

त्या एका 'येऊ लालास'नं मला आणखी एक गोष्ट शिकवली. आमची बोली कितीतरी वर्षं निजामाच्या राज्यात, उर्दूच्या, तेलुगूच्या, कन्नडच्या शेजारात वाढली. शाळेनं ती सुधारायला शिकवलं, आम्हीही सुधारली, आणि घरातही ती ऐकू येईनाशी झाली. पंख्यासारखी. माइकनं मात्र ती जशीच्या तशी परत दिली.

फिल्म तयार झाली तेव्हा वाड्याच्या भिंतीवर पांढरं धोतर ताणून ती गावात दाखवली. आजी पुढे बसल्या होत्या. काटवटीचा शॉट आला. अंगणभर तो आवाज घुमला, थप थप थप, मग तव्यावर पाण्याचा चर्र. आजी पडद्याकडे बघेनात. त्या मान कलती करून नुसत्या ऐकत होत्या. सिनेमा संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढा आवाज येतंय व्हय भाकरीचा? मला तं कधी ऐकूच आला नव्हता."

पन्नासेक वर्षं त्या हातांनी रोज भाकरी थापली होती.